कुळथाच्या दाण्याने दाखवलेली नाकातली साखर

रानजाई:

रक्तगटांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की ए, बी, ओ हे गट मुळात कशाचे बनलेले असतात. 'साखरेचे' असं एका शब्दात उत्तर आलं आणि चर्चा रक्तदानाकडे वळली. मला तो शब्द तिथेच सोडवेना. त्याच जातीच्या साखरा आपल्या नाकातल्या वास घेणाऱ्या चेतापेशींवर असतात, आणि गर्भात नाक व मेंदू यांची जोडणी होत असताना त्यांना खरोखरीचं काम असतं. माझी काही वर्षं याच विषयात उंदरांच्या ऊतींचे काप रंगवण्यात गेली. मराठीत यावर फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी नाकाची रचना, जेवढी लागेल तेवढीच. नाकपोकळीच्या छताजवळ घ्राणपटल नावाचा पातळ थर असतो. त्यात गंध ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. उंदरात गंधग्राहक प्रथिनांचे हजाराहून जास्त प्रकार आहेत, माणसात चारशेच्या आसपास. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली या जनुकांचं कुटुंब शोधलं, त्यासाठी त्यांना २००४चं नोबेल मिळालं. प्रत्येक चेतापेशी या सगळ्यांतला एकच ग्राहक स्वतःसाठी निवडते. एका ग्राहकाच्या पेशी पटलाच्या एका पट्ट्यात इतस्ततः विखुरलेल्या असतात. पण त्यांचे अक्षतंतू, म्हणजे पेशीतून निघणारे लांब धागे, नाकाच्या छतातल्या सच्छिद्र हाडातून वर जातात, मेंदूच्या पुढच्या टोकाशी असलेल्या घ्राणकंदात शिरतात आणि तिथे हजारोंच्या संख्येने एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तंतूंच्या त्या गोल गुंत्याला ग्लोमेरुलस म्हणतात. उंदराच्या एका घ्राणकंदात असे सुमारे १८०० गुंते असतात आणि एका ग्राहकाच्या वाट्याला त्यातले साधारण दोनच येतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या.

इतक्या गर्दीत तंतूला आपली जागा सापडते कशी? स्वतः गंधग्राहकच वाट दाखवत असेल, अशी शंका साहजिक होती. १९९६ साली पीटर मॉम्बार्ट्स, ॲक्सेल आणि सहकाऱ्यांनी उंदरात एका ग्राहकाच्या जनुकाच्या जागी दुसऱ्याचं जनुक बसवलं. तंतू जुन्या जागी गेले नाहीत, म्हणजे ग्राहकाचा हात आहे. पण ते नव्या ग्राहकाच्या जागीही गेले नाहीत, तिसरीकडेच जाऊन मिळाले. म्हणजे ग्राहकाखेरीज आणखी काहीतरी हवं.

त्या 'आणखी काहीतरी'च्या यादीत पेशीवरच्या साखरा फार लवकर आल्या. पेशीच्या बाहेरच्या अंगाला प्रथिनं आणि मेदरेणू असतात, आणि त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात, फांद्या फुटलेल्या. ग्लुकोज आपल्या ओळखीची, पण इथे गॅलॅक्टोज, फ्यूकोज, मॅनोज, सियालिक आम्ल, एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसामीन अशी मंडळी असतात. फांदीच्या टोकाला कोण आहे यावर बरंच ठरतं.

पण या साखरा बघायच्या कशा? इथे बिया येतात. द्विदल धान्यांच्या आणि इतर अनेक बियांत लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. एकेक लेक्टिन एकेका साखरेला नेमकं धरतं. १८८८ साली हेर्मान श्टिलमार्क यांनी एरंडीच्या बियांच्या अर्कात रक्तपेशींच्या गुठळ्या होतात हे दाखवलं, तिथून हा शोध सुरू झाला. भुईमुगाचं लेक्टिन आहे, सोयाबीनचं आहे, गव्हाच्या अंकुराचं आहे. आणि नाकाच्या अभ्यासात ज्याचं नाव सारखं येतं ते डोलिकॉस बायफ्लोरसचं लेक्टिन, म्हणजे आपला कुळीथ. देशावर ज्याला हुलगे म्हणतात तोच. हे लेक्टिन टोकाला असलेल्या एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसामीनला धरतं. १९५१ साली भारतीय लष्कराच्या रक्तसंक्रमण सेवेतले जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी कुळथाचा अर्क ए गटाच्या रक्तपेशींना नेमका गोळा करतो हे 'करंट सायन्स'मध्ये छापलं. ए१ आणि ए२ हे उपगट वेगळे करायला रक्तपेढ्या आजही तेच लेक्टिन वापरतात.

नव्वदीच्या दशकात ब्रायन की आणि रिचर्ड एकेसन यांनी कुळथाचं लेक्टिन उंदराच्या घ्राणपटलावर लावलं. सगळ्या चेतापेशी रंगल्या नाहीत, एक गट तेवढा रंगला. त्या गटाचे तंतूही घ्राणकंदात सगळीकडे न जाता ठरावीक ग्लोमेरुलसांत गेले. मी हा काप स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला आहे. पटलात मध्येच एखादी पेशी गडद तपकिरी, तिच्या शेजारच्या तीन-चार कोऱ्या, मग पुन्हा एक तपकिरी. खाली तंतूंच्या जुड्या, त्यातही काही तंतू रंगलेले आणि काही नाहीत, एकाच जुडीत. घ्राणकंदाच्या कडेला एक ग्लोमेरुलस तपकिरी आणि त्याला खेटून असलेला पूर्ण फिका. दिसायला सगळ्या पेशी एकसारख्या, जनुकांच्या भाषेतही एकाच जातीच्या, आणि तरी त्यांच्या अंगावर हा फरक.

पाठ्यपुस्तकांत या साखरांना अर्धं पानही मिळत नाही. जनुक आणि प्रथिन यांवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे पुराव्यासकट लिहीन.

बोरीबंदर:

फार छान धागा. एक विचारते. 'बॉम्बे ब्लड ग्रुप'मध्ये ए, बी तर नसतातच, पण ओ गटात असणारी एच साखरही नसते असं ऐकलं आहे. आमच्या ओळखीत एक गृहस्थ या गटाचे आहेत, त्यांच्यासाठी रक्त शोधताना काय धावपळ होते ते पाहिलं आहे. ती एच साखर नाकात असते का?

रानजाई:

@बोरीबंदर, हो, असते, आणि हा प्रश्न मी आपणहून लिहिणारच होते.

आधी तो गट. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेला हा गट 'लॅन्सेट'मध्ये मांडला. लेखकांच्या यादीत देशपांडे आणि भाटिया आहेत, आणि इंग्लंडमधले रेस, सँगर, मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्सही. त्याच वर्षी वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी ईल माशाच्या रक्तद्रवावर प्रयोग करून दाखवलं की एच ओळखणारा घटक फ्यूकोज या साध्या साखरेने निष्प्रभ होतो. म्हणजे एच म्हणजे गॅलॅक्टोजवर बसलेलं फ्यूकोज. त्यावर एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसामीन जोडलं की ए, दुसरं गॅलॅक्टोज जोडलं की बी. काहीच जोडलं नाही तर एच तसंच राहतं, तो ओ. बॉम्बे गटाच्या माणसांत फ्यूकोज बसवणारी एन्झाइमंच काम करत नाहीत, त्यामुळे पायाच नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगितलं जातं.

आता नाक. २००६ साली जेम्स सेंट जॉन, ब्रायन की आणि सहकाऱ्यांचं काम आलं. उंदराच्या मुख्य घ्राणसंस्थेतल्या चेतापेशींवर आणि फेरोमोन (प्राण्यांमधले रासायनिक संकेत) टिपणाऱ्या व्होमेरोनेझल इंद्रियाच्या चेतापेशींवर एच असतं. ए मात्र वाढत्या वयातल्या व्होमेरोनेझल चेतापेशींच्या एका गटावरच असतं. त्यांनी एच बनवणारं एफयूटी१ हे एन्झाइम नसलेले उंदीर घेतले. त्या उंदरांत घ्राणकंदातला ग्लोमेरुलसांचा थर उशिरा तयार झाला. मग उलटा प्रयोग केला. ज्या तंतूंवर ए नसतं त्या सगळ्यांवर ए चढवलं. तेव्हा मुख्य घ्राणकंदात तंतू भलत्या ठिकाणी गेले, आणि व्होमेरोनेझल तंतू गरजेपेक्षा भरमसाट वाढले.

साखर काढली तर उशीर, जिथे नको तिथे चढवली तर वाट चुकली. बॉम्बे गटात दोन एन्झाइमं बंद असतात आणि हे उंदीर एकाच एन्झाइमविना होते, शिवाय इथे रचना पाहिली होती, वास ओळखण्याची परीक्षा नव्हती. तेव्हा तुमच्या ओळखीच्या गृहस्थांच्या नाकाबद्दल यातून काही ठरवू नका. त्यांची खरी अडचण रक्ताचीच, आणि त्यांनी आपला गट आणि फोन नंबर दुर्मिळ दात्यांच्या यादीत नोंदवलेला असावा हे सगळ्यात महत्त्वाचं.

तांबडमाती:

कुळथाची पिठी आठवड्यातून दोनदा तरी खातो आम्ही. हे लेक्टिन पोटात गेलं तर रक्ताच्या गुठळ्या होणार नाहीत ना? आई वाचून घाबरली आहे.

रानजाई:

@तांबडमाती, आईंना निर्धास्त राहायला सांगा. लेक्टिन हे प्रथिन आहे, पाण्यात नीट उकळलं की त्याची घडी मोडते आणि ते साखरेला धरेनासं होतं. पिठी करताना कुळीथ भाजून दळतो आणि पुन्हा रटरटून शिजवतो. प्रयोगशाळेत हे लेक्टिन कच्च्या दाण्यातून, थंड ठेवून काढतात.

पेशीवाला:

धागा आवडला, पण दोन गोष्टींवर मला थांबावंसं वाटतं.

एक, कुळथाचं लेक्टिन रंगलं म्हणजे तिथे रक्तगट ए आहे असं नाही. ते टोकाची एक साखर धरतं. ती साखर ए मध्येही असते आणि इतर साखळ्यांच्या टोकालाही असते. ताईंनी दोन्ही प्रयोग वेगळे सांगितले आहेत, पण वाचणाऱ्याची गल्लत होऊ शकते. नेमकी रचना सांगायची तर प्रतिपिंड लागतं, किंवा वस्तुमान वर्णपटमापन (मास स्पेक्ट्रोमेट्री).

दुसरं जास्त महत्त्वाचं. जपानमध्ये हितोशी साकानो यांच्या गटाने २००६च्या सुमारास दाखवलं की गंधग्राहकातून पेशीत सीएएमपी या संदेशरेणूची जी पातळी तयार होते तिच्यावरून न्यूरोपिलिन-१ किती बनायचं ते ठरतं, आणि त्यावरून तंतू कंदाच्या पुढे जाणार की मागे. शेजारच्या तंतूंना वेगळं ठेवायला किरेल आणि एफ्रिन आहेत. ही सगळी प्रथिनं. रंगात फरक दिसतो एवढ्यावर साखर वाट दाखवते असं म्हणता येत नाही. ती नुसती सोबतची खूण असू शकते.

रानजाई:

@पेशीवाला, पहिला मुद्दा अगदी बरोबर, आणि तुम्ही लिहिलात ते बरं झालं. दुसऱ्यावर मात्र वाद घालते.

खूण की कारण, हे ठरवायला साखर काढून बघावी लागते. श्वार्टिंग यांच्या गटाने १९९१ सालापासून घ्राणतंतूंवरच्या साखरा प्रतिपिंडांनी ओळखायचं काम केलं. २००५ साली हेनियन, श्वार्टिंग आणि सहकाऱ्यांनी लॅक्टोसामीन नावाच्या साखळीवर जो प्रयोग छापला तो मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. लॅक्टोसामीन बनवायला लागणारं एक एन्झाइम त्यांनी उंदरातून काढलं. नवजात पिल्लांच्या घ्राणपटलात ही साखर जवळजवळ दिसेनाशी झाली. तंतू घ्राणकंदात अस्ताव्यस्त पसरले. पी२, आय७ आणि एम७२ हे तीन ग्राहक त्यांनी खास तपासले, तिघांचेही ग्लोमेरुलस बनलेच नाहीत. ठरावीक ग्राहकांच्या चेतापेशी गर्भावस्थेपासूनच मरू लागल्या. आणि पिल्लांना वास नीट येत नव्हता, हेही मोजलेलं आहे.

पुढचा भाग त्यांनाही अनपेक्षित होता. पिल्लं दोन आठवड्यांची होत आली तेव्हा लॅक्टोसामीन परत दिसू लागलं. एन्झाइम तर नव्हतंच. दुसऱ्याच मार्गाने पेशींनी ती साखर बनवायला घेतली होती. साखर परतली तसे तंतू पुन्हा ग्लोमेरुलसांच्या थरात वाढू लागले, आणि वास ओळखण्याची क्षमताही परत आली.

नुसती सोबतची खूण असती तर ती गेल्याने जोडणी बिघडली नसती आणि ती परतल्याने सावरली नसती. जनुक काढलेलंच होतं, ते शेवटपर्यंत काढलेलंच राहिलं. बदलली ती साखर.

शिवाय पेशीबाहेर ही साखर धरणारं कुणीतरी लागतं, तेही आहे. प्राण्यांच्या शरीरात स्वतःची लेक्टिनं असतात. त्यातलं गॅलेक्टिन-१ घ्राणमार्गात असतं आणि लॅक्टोसामीन धरतं. १९९४ साली दाखवलं गेलं की उंदरापेक्षा मोठ्या जातीच्या, म्हणजे घुशीच्या कुळातल्या प्रयोगशाळेतल्या रॅटच्या घ्राणचेतापेशी त्याच्या आधाराने एकमेकींना चिकटतात. १९९६ साली गॅलेक्टिन-१ नसलेल्या उंदरांत तंतूंचा एक उपगट ठरलेल्या जागी पोचला नाही, बाकीचे पोचले. साकानो यांच्या कामाशी यातलं काहीच भांडत नाही. न्यूरोपिलिन, किरेल, एनकॅम हे सगळे रेणू पेशीबाहेर येतात ते अंगावर साखर लेवूनच.

पेशीवाला:

२००५चा प्रयोग मी इतक्या बारकाईने पाहिला नव्हता. साखर परतल्यावर तंतू सावरले हे खरंच वजनदार आहे. 'नुसती खूण' हा शब्द मी मागे घेतो, 'एकटी पुरेशी नाही' यावर ठाम राहतो.

एनकॅमचं नाव निघालंच आहे तर त्याबद्दल मी लिहितो. पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या या प्रथिनावर सियालिक आम्लाची लांबच लांब साखळी लागते, पॉलीसियालिक आम्ल. तिच्यावर ऋण भार असतो आणि ती भरपूर पाणी धरून ठेवते, त्यामुळे दोन पेशींच्या पटलांमध्ये अंतर पडतं आणि पेशी एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत. उंदराच्या मेंदूत आतल्या पोकळ्यांच्या भिंतीपाशी नव्या चेतापेशी प्रौढपणीही जन्मतात आणि तिथून रांगेने सरकत घ्राणकंदात येतात. सरकायचं तर सैलपणा हवा. १९९४ साली एनकॅम नसलेल्या उंदरांचा घ्राणकंद लहान राहिला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने एनकॅमला हात न लावता फक्त पॉलीसियालिक आम्ल तोडणारं एन्झाइम टोचलं, तरी स्थलांतर बिघडलं. प्रथिन जागेवर, साखर नाही, आणि परिणाम तसाच. हे उदाहरण माझ्याच आक्षेपाच्या विरुद्ध जातं, पण धाग्यावर असायला हवं.

निशिगंध:

मी विज्ञानाची नाही, पण हा धागा दोनदा वाचला. माझ्या भाच्याला जन्मापासून वास येत नाही. सोळाव्या वर्षी आवाज फुटला नाही, दाढी-मिशी नाही, म्हणून तपासण्या झाल्या आणि कॉलमन सिंड्रोम असं निदान झालं. नाकाचा आणि वयात येण्याचा काय संबंध, हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. ताईला अजून वाटतं की तिच्या गरोदरपणात काही चुकलं.

वैद्यबाई:

@निशिगंध, तुमच्या ताईंना आधी हे सांगा, त्यांच्या हातून काहीही चुकलेलं नाही. हा जनुकीय विकार आहे.

वयात यायला मेंदूच्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतात. या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. गर्भाच्या नाकाच्या जागी त्या जन्मतात आणि व्होमेरोनेझल चेतातंतूंच्या आधाराने चालत मेंदूत शिरतात. उंदरात हे १९८९ साली दिसलं, आणि त्याच वर्षी कॉलमन असलेल्या मानवी गर्भात या पेशी मेंदूबाहेरच अडकलेल्या सापडल्या. नाकातले तंतू मेंदूपर्यंत पोचले नाहीत तर वासही येत नाही आणि या पेशींची वाटही बंद होते. एकाच अडथळ्याचे दोन परिणाम आहेत हे.

या धाग्याशी संबंध असा की कॉलमनचं सगळ्यात आधी सापडलेलं जनुक ॲनॉस्मिन-१ हे प्रथिन बनवतं. ते पेशीबाहेर असतं आणि हेपरान सल्फेट या लांब साखरसाखळीला धरून काम करतं. २०११ साली हेपरान सल्फेटवर सल्फेट चढवणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकातले बदलही अशा रुग्णांत सापडले. २००३ साली ज्या उंदरांच्या मेंदूत हेपरान सल्फेट बनूच दिलं नाही त्यांच्यात घ्राणकंदच तयार झाले नव्हते.

भाच्याच्या बाबतीत, वास परत येणार नाही. पण संप्रेरकांच्या उपचाराने तो वयात येईल, हाडं मजबूत राहतील, आणि पुढे मूल हवं असेल तर त्यासाठीही वेगळे उपचार आहेत, बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होतो. अंतःस्रावतज्ज्ञांकडे नियमित जात राहा, उपचार मध्येच सोडू देऊ नका. आणि घरात गॅस गळती सांगणारा अलार्म बसवा. वास न येणाऱ्यांसाठी ती चैन नाही.

निशिगंध:

ताईला फोन करून वाचून दाखवलं. खूप रडली, मग म्हणाली की अलार्म आजच मागव. मनापासून आभार.

तांबडमाती:

कोविडमध्ये वास जायचा तोही यातलाच प्रकार का?

रानजाई:

नाही, ते वेगळं. कोविडचा विषाणू एसीई२ नावाच्या ज्या प्रथिनाला धरतो ते मुख्यतः घ्राणपटलातल्या आधारपेशींवर असतं, चेतापेशींवर नाही. आणि घ्राणचेतापेशी आयुष्यभर नव्याने जन्मत राहतात, म्हणून बहुतेकांचा वास परत आला. नव्या जन्मलेल्या पेशीलाही आपला तंतू पुन्हा कंदापर्यंत न्यावा लागतोच, तेव्हा साखरांचं काम गर्भापुरतं नसतं.

हिरवी_फांदी:

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडायचा आहे. आमच्या विभागात क्रायोस्टॅट (गोठवलेल्या ऊतीचे काप घ्यायचं यंत्र) आणि साधा प्रकाश सूक्ष्मदर्शक आहे, फ्लुओरेसन्स नाही. यातलं काही जमण्यासारखं आहे का?

रानजाई:

@हिरवी_फांदी, नक्की जमेल, आणि कुणीतरी करावं असं फार वाटतं. आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी, तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज पहिल्या आठवड्यातच टाक. नवजात आणि दोन आठवड्यांची पिल्लं अशी दोन वयं घे. नाक आणि घ्राणकंद एकत्र राहतील असा काप घ्यायचा, वेगळे केलेस तर तंतूंची वाट बघताच येणार नाही. दोन आठवड्यांच्या पिल्लाचं नाकाचं हाड कापताना त्रास देतं, ते आधी कॅल्शियम काढून मऊ करावं लागेल.

बायोटिन जोडलेलं कुळथाचं लेक्टिन विकत मिळतं. त्यावर ॲव्हिडिन-पेरॉक्सिडेझ आणि शेवटी डॅब हे रंग देणारं रसायन लाव, म्हणजे तपकिरी रंग साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसेल. ऊतीतलं स्वतःचं पेरॉक्सिडेझ आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने मारून घे, नाहीतर रक्तवाहिन्या उगाच रंगतील. या लेक्टिनला कॅल्शियम लागतं, त्यामुळे लेक्टिनच्या बफरमध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए नको, आणि हाड मऊ करायला ईडीटीए वापरलंस तर नंतर काप नीट धुऊन घे. जोडीला भुईमुगाचं लेक्टिन लाव, म्हणजे दोन वेगळ्या साखरा शेजारी-शेजारी तुलना करता येतील.

आणि प्रत्येक वेळी एक जास्तीची स्लाइड ठेव, जिच्यावर लावायचं कुळथाचं लेक्टिन आधी एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसामीनच्या द्रावणात मिसळून घेतलेलं असेल. तिच्यावर रंग आला नाही तरच बाकीच्या स्लाइडवरचा रंग खरा. मार्गदर्शकांना दाखवायला नेशील तेव्हा ती स्लाइडही सोबत ने, पहिला प्रश्न तोच येतो. मसुदा तयार झाला की इथे टाक, मी आणि @पेशीवाला बघू.

पेशीवाला:

बघतो. प्रत्येक वयाची किमान तीन पिल्लं घे, आणि मोजणी करताना कोणती स्लाइड कोणत्या वयाची हे मोजणाऱ्याला कळू देऊ नकोस.